संत्रं सोलता सोलता

पत्र : ‘ताई, माझी मुलगी सव्वातीन वर्षांची आहे. भिंतीवरचा चार्ट आणि मोबाइलवरचे व्हिडिओ बघून तिला बावीस फळांची इंग्रजी नावं पाठ झाली आहेत. ॲपलपासून ड्रॅगन फ्रूटपर्यंत, बोट ठेवलं की धडाधड सांगते. पण एरवी बोलणं म्हणजे “आई पाणी”, “बाबा आला”, “हे नको”, एवढंच. आपण सांगितलेलं तिला सगळं कळतं. प्लेग्रुपच्या बाई म्हणतात, घरी इंग्रजीच बोला. सासूबाई चिपळूणकडच्या, आमच्याकडेच असतात. त्या म्हणतात, बोलेल आपोआप, हिचा बापही उशिराच बोलला. मी नोकरी करते, संध्याकाळी जेमतेम दीड तास हाताशी असतो. लेकीला फळं फार आवडतात, म्हणून विचारते : भाषा वाढावी यासाठी फळांच्या कोणत्या ॲक्टिव्हिटीज घेऊ? फ्लॅशकार्ड कोणती चांगली? – एक आई, वाशी’

कार्डं घेऊ नका. ते पैसे फळवाल्याला द्या.

तुमच्या लेकीकडे बावीस नावं आहेत आणि ती तिने मन लावून शिकली आहेत. म्हणजे ऐकणं, लक्षात ठेवणं, तोंडाने उच्चारणं, हे तिला जमतं. कमी पडतात ते या नावांची मोट बांधणारे शब्द : सोल, काप, दे, सांडलं, आत, वर, माझं, अजून, आधी, मग. कार्ड हातात घेतलं की आपल्या तोंडून एकच प्रश्न निघतो, ‘हे काय?’ त्याचं उत्तर एका शब्दात संपतं आणि आपण पुढचं कार्ड उचलतो. असं शंभर वेळा झालं, तरी वाक्य करायची वेळ मुलावर येतच नाही.

बालवाडीत मी एकतीस वर्षं काढली. सुरुवातीला मीही फळांचा तक्ता टांगून मुलांकडून एका सुरात नावं म्हणून घ्यायचे. एक मुलगा तक्त्यावरचं डाळिंब कधी चुकायचा नाही. एकदा कुणाच्या तरी डब्यात डाळिंबाचे दाणे आले. त्याने एक दाणा दोन बोटांत धरला, खिडकीतल्या उजेडापुढे नेला आणि विचारलं, “बाई, हे काय?” तक्त्यावरचं डाळिंब बंद होतं. त्याच्या पोटात काय असतं, हे मी त्याला कधी दाखवलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी दोन डाळिंबं घेऊन गेले आणि मुलांच्या मधोमध बसून फोडली. दाणे उडाले, फ्रॉकवर डाग पडले, आणि एरवी गप्प बसणारा तो मुलगा ‘माझ्या हातात दे’, ‘हे पांढरं कडू लागतं’, ‘त्याने माझा दाणा खाल्ला’ असं एकामागून एक बोलत राहिला. पुढच्या आठवड्यात मी तो तक्ता उतरवला.

यात माझी हुशारी काही नाही. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडकांनी १९४५ साली डहाणूजवळच्या बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी काम सुरू केलं, तेव्हा परदेशी पद्धतीची महागडी साधनं तिथे परवडणारी नव्हती. त्यांनी आणि अनुताई वाघांनी पानं, बिया, शंख-शिंपले, खडे हीच साधनं केली. पुढे ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळाच पाड्यावरच्या अंगणात न्यायची, हा त्यांचा खाक्या. तो सगळा पट्टा, बोर्डी आणि घोलवड, चिकूच्या वाड्यांचा. तिथून निघालेला चिकू तुमच्या वाशीच्या घाऊक फळबाजारातही येतो. तुमच्या ओट्यावर असेलच एखादा.

आता कामाचं बोलू. उद्या संध्याकाळी एक संत्रं घ्या. टीव्ही बंद, मोबाइल दुसऱ्या खोलीत. जमिनीवर जुनं वर्तमानपत्र अंथरा, एक ताटली ठेवा आणि लेकीच्या समोर बसा. शेजारी नको, समोर, म्हणजे तिला तुमचं तोंड दिसेल. संत्रं तिच्या हातात द्या आणि काही विचारू नका. ती हुंगेल, दाबेल, घरंगळवेल. मग तुम्ही नखाने वरती एक खाच पाडा आणि थांबा. सालीतून बारीक फवारा उडतो, डोळ्यांत जातो, हाताला वास लागतो. या वेळी तुम्ही बोलायचं, पण प्रश्न कमी आणि सांगणं जास्त : “बाई गं, डोळ्यात उडालं. साल निघत नाहीये. कुठून सोलू?” आता गप्प बसा. मनातल्या मनात पाच आकडे मोजा. पाच आकडे फार लांब वाटतात, आपल्याला ती शांतता सोसत नाही, आणि आपणच उत्तर देऊन मोकळे होतो. मुलाला विचार जुळवायला, शब्द शोधायला, जीभ वळवायला तेवढा वेळ लागतोच.

ती म्हणेल, “इथे.”

तुम्ही म्हणा, “इथून सोलू? बरं, इथून सोलते. निघाली बघ साल.”

फोड सुटली, तिने तोंडात टाकली, हातावर बी काढली. “बी!”

“हो, बी निघाली. फोडीतून बी निघाली. कुठे टाकू या?”

“ताटली.”

“ताटलीत टाकू. ही बघ, ताटलीत टाकली. तुझ्या दुसऱ्या फोडीत आहे का गं बी?”

इथे काय झालं ते बघा. तिने ‘ताटली’ म्हटलं, तुम्ही ‘ताटलीत’ करून परत दिलं. ‘असं नाही म्हणायचं, नीट बोल’ हे तुम्ही म्हटलं नाही. ‘म्हण बघू, ताटलीत’ असा आग्रहही धरला नाही. तिचाच शब्द घेऊन त्याला एक शब्द, एक प्रत्यय जोडला आणि खेळ चालू ठेवला. मी सांगते त्यातली ही एकच गोष्ट तुमच्या लक्षात राहिली तरी पुरे. ती एक शब्द बोलली की तुम्ही दोन-तीन बोला, ती दोन बोलली की तुम्ही चार. त्याहून लांब वाक्यांची सरबत्ती नको, तिला पुढची पायरी दिसली पाहिजे.

आणि हे मराठीतच करा. त्यामागे मराठीचं प्रेम आहेच, पण त्याहून व्यवहाराचं एक कारण आहे. आपल्या फळांना तिन्ही लिंगं आहेत : तो पेरू, ती पपई, ते केळं. ‘पिकलेला’, ‘कच्चा’, ‘पिवळा’ हे शब्द फळ बघून रूप बदलतात. पिकलेला पेरू, पिकलेली पपई, पिकलेलं केळं. ‘गोड’, ‘आंबट’, ‘मऊ’ मात्र कुणासाठी बदलत नाहीत. ही सगळी व्यवस्था आपण मुलांना बसवून शिकवत नाही, ती ऐकून ऐकून उचलतात. आता ‘बनाना’चं काय होतं बघा. बाबा म्हणतो ‘बनाना खाल्ला’, आई म्हणते ‘बनाना खाल्लं’, प्लेग्रुपमध्ये तिसरंच. ज्या मुलाला अजून वाक्य जुळवायचंय, त्याच्या पायाखालची फरशी अशी हलत असते. म्हणून टोपलीत एका वेळी तीन फळं ठेवा, एक ‘तो’, एक ‘ती’, एक ‘ते’. पेरू, पपई, केळं हे त्रिकूट सोयीचं आहे. ‘तो दे’, ‘ती कापू’, ‘ते माझं’ एवढा खेळ रोज पाच मिनिटं झाला, तरी हळूहळू फरक ऐकू येईल.

दुसरी गंमत शब्दाच्या पोटात आहे. केळं म्हणतो, पण केळ्याची साल. आंबा, पण आंब्याची कोय. चिंच, पण चिंचेचा चिंचोका. शब्द मध्येच वाकतो आणि मग त्याला प्रत्यय लागतो. चित्रावरून हे शिकता येत नाही, कारण चित्राची साल सोलता येत नाही. हातातल्या फळाचे भाग व्हायला लागले की ‘-चा, -ची, -चं’ आपसूक तोंडात येतात.

चवीचे आणि स्पर्शाचे शब्द तर आपल्या भाषेत असे आहेत की मुलं ते गोळीसारखे चघळतात. करकरीत पेरू. रसरशीत संत्रं. गुळगुळीत सफरचंद आणि खरखरीत चिकू. पपईच्या बुळबुळीत बिया. चिकूचा गर रवाळ, जुनं सफरचंद पिठूळ. ‘बुळबुळीत’ हा शब्द तिला एकदा द्या आणि पपईच्या बिया मुठीत धरायला सांगा, त्या बोटांमधून निसटतील. आठवडाभर साबणसुद्धा बुळबुळीत असेल, हे मी खात्रीने सांगते. तिचा शब्द फळावरून उडी मारून साबणावर गेला, तर तो तिचा झाला असं समजा.

सासूबाईंचं म्हणणं एका बाबतीत मला पटत नाही, त्याकडे मी येतेच. पण घरात चिपळूणकडची आजी आहे आणि तुम्ही मला कार्डांबद्दल विचारता! फणस आपल्याला एकच शब्द माहीत असतो. त्यांना विचारा. कापा की बरका, गरे कसे काढायचे, हाताला तेल का लावायचं, चीक कसा असतो, आठळ्या उकडायच्या की भाजायच्या, कुयरीची भाजी कधी करायची. केळीचा घड, घडाच्या फण्या, शेवटी उरतं ते केळफूल. आंब्याची अढी कशी लावायची, पाडाचा आंबा म्हणजे कुठला. गाभुळलेली चिंच दुसऱ्या भाषेत सांगून बघा बरं. हे शब्द त्यांच्याबरोबर जातील, आणि ते तुमच्या लेकीपर्यंत पोचवण्याचा रस्ता तुमच्या स्वयंपाकघरातूनच आहे. त्यांना ‘हिला शिकवा’ असं म्हणू नका. ‘आई, तुम्ही पेरू चिराल का, हिला जवळ घ्या’ एवढंच म्हणा. उन्हाळ्यात गावी गेलात तर करवंदं खाताना ‘कोंबडा की कोंबडी’ खेळायला लावा. करवंद चावायच्या आधी ओळखायचं, आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी. अंदाज बांधायचा, तो बोलून दाखवायचा आणि मग खरं-खोटं करायचं, एवढं सगळं त्या एका करवंदात होतं.

शनिवारी तिला फळवाल्याकडे न्या. घाईच्या वेळी नको. तिची एकच जबाबदारी ठेवा, ‘पेरू कसे दिले?’ हे तिने विचारायचं. पहिल्या वेळी ती तुमच्या पायामागे लपेल, मग तुम्हीच विचारा. तिसऱ्या-चौथ्या वेळी कुजबुजेल. वाशीचा फळवाला बहुधा हिंदीत उत्तर देईल, देऊ द्या. आपला शब्द बाहेरच्या माणसापर्यंत पोचतो आणि त्याने हातात पेरू येतो, हे कळणं फार मोठं असतं.

घरी आल्यावर शिकरण करा. सोलायचं, कुस्करायचं, दूध घालायचं, साखर घालायची, ढवळायचं. चार क्रियापदं झाली आणि क्रम आयता मिळाला : आधी केळं, मग दूध, नंतर साखर. मुद्दाम एकदा चुका. केळं सोलायच्या आधीच वाटीत दूध ओता आणि थांबा. ती तुम्हाला अडवेल, आणि अडवण्यासाठी तिला बोलावंच लागेल. रात्री बाबा आला की तुम्ही सांगू नका, तिच्याकडे बघा : “बाबाला सांग आपण काय केलं.” समोर नसलेली, होऊन गेलेली गोष्ट शब्दांत मांडणं ही भाषेतली मोठी चढण आहे. सुरुवातीला ती ‘केळं’ एवढंच म्हणेल. तुम्ही आधार द्या, ‘केळं कुस्करलं. कुणी कुस्करलं?’ ‘मी!’ झालं, बाबाला दोन शब्दांची गोष्ट मिळाली. बाबाने त्या वेळी मोबाइल खाली ठेवावा, ही माझी त्याला विनंती.

पिशवीत हात घालून न बघता फळ ओळखणं, आजीने घातलेली कोडी, बिया कुंडीत पेरून रोज बघणं, हे तुम्हाला आपलं आपणच सुचेल.

संक्रांतीचंही सांगून ठेवते. सुगडात घालायला बोरं, उसाचे तुकडे, हरभरे, गाजरं आणाल, तेव्हा ती भरायचं काम तिला द्या. ‘ह्यात दोन बोरं, त्यात दोन बोरं.’ रथसप्तमीपर्यंत शेजारीपाजारी कुणाकडे बोरन्हाण असेल तर आवर्जून न्या. बाळाच्या डोक्यावरून चुरमुरे, बोरं, उसाचे करवे ओततात आणि सगळी मुलं वेचायला झेपावतात. त्या गलक्यात मुलं एकमेकांशी जे बोलतात ते कुठल्याच वर्गात बोलत नाहीत. घरी आल्यावर तिच्या मुठीत काय काय सापडलं, ते मोजा आणि कुणी काय पळवलं ते तिला सांगू द्या.

आता प्लेग्रुपच्या बाईंचं. त्यांचा हेतू वाईट नाही, पण हा सल्ला तुम्ही मानू नये असं माझं स्पष्ट मत आहे. ज्या भाषेत तुम्ही रागावता, लाड करता, गोष्ट सांगता, त्याच भाषेत तिला भरघोस वाक्यं मिळणार. तुमचं इंग्रजी ‘ईट ॲपल, गुड गर्ल’ एवढ्यावर थांबत असेल, तर तिला तेवढंच मिळेल. दोन भाषा कानावर पडल्या म्हणून मूल मागे पडत नाही, इंग्रजीही ती शिकेल, पण घरची भाषा पक्की असू द्या. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत मातृभाषेतून शिकवावं असं म्हटलं आहे. बाईंना हे भांडणाच्या सुरात नको, शांतपणे सांगा. व्हिडिओंबद्दल सांगायचं तर, जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास अशी मर्यादा घातली, आणि त्याहून कमी तितकं चांगलं असंही म्हटलं. व्हिडिओ तिच्यासाठी पाच आकडे मोजून थांबत नाही.

काळजीचं थोडं. अख्खं द्राक्ष या वयात देऊ नका, उभं चिरून चार तुकडे करा, ते घशात अडकून श्वास कोंडू शकतो. बोराची आठळी, सीताफळाच्या, चिकूच्या बिया आधी काढा. खाताना बसूनच खायचं, पळत नाही, हसत नाही. केळं कापायला बोथट सुरी चालते, बाकीचं चिरणं तुमचं.

आणि सासूबाईंच्या ‘बोलेल आपोआप’बद्दल. तिला सगळं कळतं, हे चांगलं लक्षण आहे. पण तीन वर्षं पूर्ण झाली की बहुतेक मुलं तीन-चार शब्दांची वाक्यं करतात. तुमची लेक सव्वातीनला दोन शब्दांवर आहे. म्हणून फळांचा खेळ आजपासून सुरू करा, आणि त्याच्या जोडीला याच महिन्यात तिचे कान तपासून घ्या. वारंवार सर्दी होणाऱ्या मुलांच्या मधल्या कानात पाणी साठू शकतं, मग त्यांना ऐकू येतं पण स्पष्ट येत नाही, आणि घरच्यांच्या ते लक्षातही येत नाही. बालरोगतज्ज्ञांना दाखवा, त्यांना वाटलं तर वाचा-उपचारतज्ज्ञांकडे जा. वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय वाक्-श्रवण संस्था आहे, तुम्हाला फार लांब नाही. इतर गावच्या वाचकांनी जिल्हा रुग्णालयात ‘जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रा’ची चौकशी करावी. आणि शिकलेले शब्द मूल विसरू लागलं, हाक मारल्यावर वळेनासं झालं, तर एक आठवडाही थांबू नका. तपासणीत काही निघालं नाही तर तुमच्या मनावरचं ओझं उतरेल, निघालं तर लवकर कळेल. सासूबाईंनाही बरोबर न्या, म्हणजे डॉक्टर काय म्हणाले ते त्या स्वतःच्या कानांनी ऐकतील.

दीड तास कमी आहे असं मनात आणू नका. संत्रं सोलायला दहा मिनिटं लागतात, उरलेल्या वेळात तुम्ही दोघी जेवा, लोळा. पहिल्या दिवशी ती बहुधा काहीच बोलणार नाही, नुसत्या फोडी खाईल आणि वर्तमानपत्रावर बिया टाकेल. खाऊ द्या. दुसऱ्या दिवशी दुसरं संत्रं घ्या.